आपट्यांची मांजरी

चहा घ्या, खारी बुडवा, पण ऐकताना घोट तोंडात ठेवू नका. माझी ही फजिती ऐकताना एका मैत्रिणीच्या नाकात चहा गेला होता आणि तिने त्याचाही दोष मलाच दिला. हसू नका असं मी म्हणणार नाही. ते म्हणायचा हक्क मी एका रविवारी, भरल्या सभागृहात, माइकवरून गमावलाय!

मी पुण्यात नवी होते तेव्हाची गोष्ट. यवतमाळची पोरगी, इंजिनिअर झाले आणि इकडे आयटीत चिकटले. तेव्हा दिवसच तसे होते. हिंजवडीत सकाळी जिथे म्हैस बसलेली दिसायची, तिथे दिवाळीनंतर काचेची इमारत उभी! माझी नोकरी हिंजवडीत आणि खोली कर्वेनगरात. सकाळी कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटायचे, उघडले की हिंजवडी. संध्याकाळी मिटायचे, उघडले की कर्वेनगर. माझं पुणं म्हणजे या दोन डुलक्यांच्या मधलं काय ते. बाकीचं शहर कुठे सुरू होतं, कुठे संपतं, कोण जाणे!

हे नीट लक्षात ठेवा हं. माझ्या बचावाला एवढंच आहे.

तर एक दिवस कंपनीत ईमेल आली: ‘सुट्टीचे काही तास समाजासाठी द्या.’ खाली पर्याय होते. टेकडीवर झाडं लावा, रक्तदान करा, किंवा एका संग्रहालयातली जुनी कागदपत्रं वाचून संगणकावर टाइप करा. आता टेकडीवर ऊन, रक्तदानाला सुई. माझी रूममेट स्नेहल चंद्रपूरची, तिने आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदम म्हणालो, “कागदपत्रं!”

समाजसेवेची तळमळ म्हणतात ती हीच.

संग्रहालय कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात होतं. विमानांचं संग्रहालय. म्हणजे विमानांचे सुटे भाग, जुने फोटो, वैमानिकांच्या टोप्या आणि मधल्या दालनात एक खरंखुरं ग्लायडर. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान हो! दोराने ओढून वर न्यायचं आणि द्यायचं सोडून. मग तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढत असते, तिच्यात शिरलात तर तुम्हीही वर. नाही सापडली तर सावकाश खाली. ज्याने कुणी हे शोधून काढलं, त्याच्या घरचे काय म्हणाले असतील?

तिथले प्रमुख मेनन सर. हवाई दलातून निवृत्त, उत्साही, मिशा झुपकेदार. जन्म केरळातला. मराठी बोलायचे, पण हाताने लिहिलेलं मराठी त्यांना वाचता येत नसे. त्यामुळे मराठी कागदांची पेटी थेट आमच्या पुढ्यात आली.

“प्रज्ञा, तू वाचायचं आणि टाइप करायचं. स्नेहल, तू तपासायचं. आणि मला इंग्लिशमध्ये थोडक्यात लिहून द्यायचं. ओके?”

“ओके सर!”

बघा, किती चोख व्यवस्था! वाचणारी यवतमाळची, तपासणारी चंद्रपूरची, आणि वरचे साहेब केरळचे.

पहिलीच वही निघाली ती ‘गो. वि. आपटे’ यांची. पन्नासेक वर्षांपूर्वी हा गृहस्थ पुण्यात ग्लायडर शिकत होता आणि रोज उड्डाण झालं की दोन-चार ओळी खरडून ठेवत होता. अक्षर बारीक, शाई फिकी, आणि शब्द असे मोजके की जणू जास्त लिहिलं तर कुणी रागावेल. मी वाचायला लागले.

‘वर गेल्यावर प्रथम मांजरी शोधली. दिसली. बरे वाटले.’

मी थांबले. मांजरी? पुन्हा वाचलं. मांजरीच!

‘आज मांजरी अगदी स्वच्छ दिसत होती.’

“स्नेहल,” मी म्हणाले, “हा माणूस मांजर घेऊन उडायचा.”

“काहीतरीच काय!”

“अगं, तिला आंघोळसुद्धा घालायचा!”

स्नेहल खुर्ची ओढून शेजारी बसली. पुढचं पान उलटलं.

‘मांजरी डाव्या हाताला ठेवली आणि वळलो.’

“डाव्या हाताला म्हणजे… उजव्या हाताने दांडा धरत असेल ना,” स्नेहल म्हणाली. तपासनीसच ती! तिला सगळं पटत चाललं होतं.

‘दुपारी मांजरी फार तापली होती.’

“अगं बाई, ताप!”

“आणि तशीच घेऊन गेला? माणूस आहे का कोण?”

त्याच्याखालची ओळ तर कळसच होती. ‘मांजरी सोडून फार लांब जाऊ नये, असे सरांनी बजावले.’

“बघ! त्याला उडायला शिकवणाऱ्या सरांनासुद्धा तिची काळजी होती,” मी म्हणाले.

आणि मग ते पान आलं. ‘धुक्यात मांजरी हरवली. जीव घाबरला. खूप शोधली. शेवटी एकदाची सापडली.’

खोटं कशाला सांगू? माझे डोळे भरून आले. आकाशात धुकं, इंजिन नाही, आणि हा बिचारा एका हाताने विमान सांभाळत सीटखाली मांजर शोधतोय! स्नेहलने मला रुमाल दिला आणि मग तोच परत घेऊन स्वतःचे डोळे पुसले.

मेनन सरांसाठी मी इंग्रजीत लिहिलं: ‘वैमानिक श्री. आपटे आपल्या लाडक्या मांजरीला ग्लायडरमधून नेत असत.’ आता मला वाटलं होतं की सर तरी शंका घेतील. निदान हसतील. छे! सर खुर्चीतून उठलेच.

“मांजर? ग्लायडरमध्ये? फँटास्टिक! आमच्या युनिटमध्ये एक बकरी होती. परेडला उभी राहायची. फ्लाइंगवाल्यांचं असंच असतं, प्रज्ञा. प्राण्यांवर फार जीव!”

झालं! बकरीने मांजरीच्या बाजूने साक्ष दिली.

तुम्हाला सांगते, त्या संग्रहालयाची अवस्था बेताची होती. दिवसाला चार टाळकी यायची, त्यातली दोन पाऊस आला म्हणून आत शिरलेली. सरांना शाळेतली मुलं यायला हवी होती. त्यासाठी ते एक नवं दालन उघडणार होते, पण त्यात ठेवायचं काय, ते ठरत नव्हतं. आता ठरलं! ग्लायडरच्या शेजारी मोठा फलक: ‘आकाशात झेपावलेली पहिली मांजरी’. स्नेहलने कापडाचं मांजर शिवलं. त्याला वैमानिकाचा गोल चष्मा लावला, गळ्यात लाल मफलर बांधला आणि ग्लायडरमध्ये डाव्या हाताला बसवलं. डाव्याच हाताला हं! आम्ही पुराव्याला धरून होतो.

सरांनी इंग्रजी टिपण एका वर्तमानपत्राला पाठवलं. बातमी छापून आली: ‘पुण्याच्या मांजराची गगनभरारी’. त्यात आपट्यांचं नाव आणि ‘संशोधक’ म्हणून माझं!

मी घरी फोन लावला.

“जय भीम बाबा! पेपरात नाव आलं माझं!”

“जय भीम! काय केलं वं पोरी तू?”

“मांजर शोधून काढलं, बाबा. विमानात बसणारं.”

बाबांनी ‘मांजर’ हा शब्द माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. माझे बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी टपालाची गाववार वर्गवारी करण्यात गेली. माणूस शब्दाला पक्का. मग म्हणाले, “चांगलं हाय. मी येतो कार्यक्रमाले.” आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला कळलं की प्रज्ञाने पुण्यात उडणारं मांजर पकडलंय.

इथपर्यंतही ठीक होतं. बातमी विसरली गेली असती. पण चौथ्या दिवशी संग्रहालयातला फोन वाजला आणि माझ्या दुर्दैवाने तो मीच उचलला.

“आपण विमान-संग्रहालयातून बोलताय का?”

“हो.”

“मी गोविंद आपटे बोलतोय. माझं नाव पेपरात आलंय.”

माझ्या हातून रिसीव्हर सुटायचाच राहिला. “अहो आजोबा! म्हणजे तुम्ही… तुम्ही आहात?”

“आहे. आज सकाळपर्यंत तरी होतो.”

“अहो, आम्हाला वाटलं नव्हतं… किती आनंद झाला! तुम्ही मांजरीबद्दलचं वाचलंत ना?”

“वाचलं. म्हणूनच फोन केला. मला मांजरीबद्दल थोडं सांगायचंय.”

त्यांचा आवाज जरा घोगरा होता. मला वाटलं, गहिवरलेत. आता ते मांजर कधीचंच गेलं असणार. फोनवर रडू फुटलं तर?

“आत्ता नको, आजोबा!” मी घाईघाईने म्हणाले. “कार्यक्रमालाच या ना. तिथेच सांगा. सगळ्यांसमोर!”

“सगळ्यांसमोर?”

“हो! माइकवरून!”

“नक्की? मी आत्ताही सांगू शकतो. एका वाक्याचं काम आहे.”

“नाही नाही नाही! एका वाक्यात कसं होईल?”

मग ते म्हणाले, “बरं. जशी आपली इच्छा.”

बघितलंत? त्या सज्जन माणसाने मला दार उघडून दिलं होतं. मीच ते लावून घेतलं, वर कडीही घातली.

कार्यक्रमाचा रविवार उजाडला. सभागृह गच्च! पुढच्या रांगांत शाळेची मुलं, प्रत्येकाच्या गालावर काजळाने काढलेल्या मिशा. मागे त्यांचे आई-वडील. पहिल्या रांगेत कडेला माझे बाबा, नवा सदरा, मांडीवर संत्रा बर्फीचा डबा. मेनन सर तर इतके खूष की स्वतः दारात उभे राहून लोकांना आत घेत होते.

आपटे आजोबा आले ते स्कूटरवरून. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण काठीसारखा सरळ. पांढरा बुशशर्ट, कडक इस्त्री. आधी त्यांनी आमचा फलक वाचला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, छापखान्यातले मुद्रितशोधक वाचतात तसा. मग ग्लायडरमध्ये वाकून पाहिलं. मांजराने चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं.

“याला चष्मा कोणी लावला?”

“मी,” स्नेहल लाजत म्हणाली.

“नंबर काढूनच लावला असेल.”

एवढंच बोलले आणि जाऊन खुर्चीत बसले. चेहरा असा की त्यावरून काही म्हणजे काही कळू नये.

मग मी माइकसमोर गेले. आधी वहीतली वाक्यं वाचून दाखवायची, मग आजोबांना बोलवायचं, असं ठरलं होतं. मी आवाजात सगळा जीव ओतला.

“‘वर गेल्यावर प्रथम मांजरी शोधली. दिसली. बरे वाटले.’”

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

“‘दुपारी मांजरी फार तापली होती.’”

आता दोघं-तिघं खोकले. एका बाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, पोचलं! थेट काळजाला पोचलं!

“‘धुक्यात मांजरी हरवली. जीव घाबरला…’”

मागच्या दोन रांगांचे खांदे गदगदा हलत होते. एक गृहस्थ तर डोळे पुसत होते. मलाही हुंदका आला. मी तो आवरला आणि म्हणाले, “या मांजरीचे लाडके मालक, श्री. आपटे, आज आपल्यात आहेत!”

टाळ्या! इतक्या टाळ्या मी त्या इमारतीत कधी ऐकल्या नव्हत्या. आजोबा उठले, माइकपाशी आले, खिशातून रुमाल काढून त्यांनी माइक पुसला. तेवढ्यात पुढच्या रांगेतली मिशीवाली चिमुरडी उभी राहिली.

“आजोबा, तुमच्या मांजरीचं नाव काय होतं?”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

“कोणत्या मांजरीचं, बाळ? मांजरी बुद्रुकचं, की मांजरी खुर्दचं?”

आणि सभागृह फुटलं! मागच्या रांगांनी इतका वेळ दाबून धरलेलं हसू एकदम सुटलं. खुर्च्या सरकल्या, कोणी मांड्यांवर थापा मारल्या. मेनन सर दारातून विचारत होते, “काय झालं? काय झालं?”

मला कळायला किती वेळ लागला असेल? बुद्रुक आणि खुर्द आमच्या यवतमाळकडेही असतात हो. पण गावांना असतात. मांजरांना नाही!

“मांजरी हे गाव आहे,” आजोबा माइकवरून शांतपणे सांगत होते. “हडपसरच्या पुढे. आम्ही वर गेलो की आधी ते शोधायचो, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळायचं. उन्हात तिथली जमीन तापायची, त्यामुळे चांगली हवा मिळायची. धुक्यात ते दिसेनासं झालं, तेव्हा मी खरंच घाबरलो होतो. मांजर म्हणाल, तर मला मांजर चालत नाही. शिंका येतात.”

सीता मातेला धरणीने पोटात घेतलं म्हणतात. मी पायाखाली पाहिलं. शहाबादी फरशी. जराही हलली नाही.

समोर मुलं गोंधळून एकमेकांच्या मिशांकडे बघत होती. मेनन सरांचा चेहरा हळूहळू लांब होत चालला होता. आणि माझे बाबा? माझ्याकडेच बघत होते. यवतमाळहून रात्रभर बसमध्ये बसून आलेले बाबा! त्या क्षणी मला अख्खी कॉलनी डोळ्यांसमोर दिसली.

तेवढ्यात बाबा उभे राहिले. डबा खुर्चीवर ठेवला आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, “साहेब, एक बोलू काय?”

“बोला ना,” आजोबा म्हणाले.

“पोरगी चुकली. ते मान्य. पण मी पोस्टात होतो. गावाचं नाव लिहिलं की पुढं तालुका लिहाले पाहिजे. तालुका नसला तर टपाल असंच भलतीकडं जाते.”

पुणेकर जज्ज निकाल देणार असा सगळ्यांचा नूर. आपटे आजोबांनी मान खाली घातली, विचार केला, आणि वर केली.

“बरोबर आहे तुमचं. चूक माझी. तालुका हवेली, जिल्हा पुणे.”

मग ज्या टाळ्या पडल्या, त्या मघाच्यांहून मोठ्या होत्या! वातावरणच बदललं. आजोबांनी खुर्ची ओढून घेतली आणि मांजरीच्या गोष्टी सुरू केल्या. गावच्या मांजरीच्या. एकदा हवा संपली आणि ते थेट उसात उतरले, तर शेतकऱ्याने आधी यथेच्छ शिव्या दिल्या, मग काकवी दिली आणि मग साऱ्या गावाने मिळून ग्लायडर रस्त्यापर्यंत उचलून आणलं. मुलं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. मिशा विसरली. मेनन सरांचा चेहरा पुन्हा आपल्या आकारात आला.

शेवटी सर म्हणाले, “मिस्टर आपटे, हे मांजर काढून टाकतो आम्ही. सॉरी.”

आजोबांनी ग्लायडरकडे पाहिलं. “राहू द्या. माझ्याबरोबर बसायला आजवर कोणी आपण होऊन तयार झालं नव्हतं.”

मांजर राहिलं. फलक तेवढा बदलला. आणि शाळा यायला लागल्या हो! गावाची मांजरी आणि कापडाची मांजरी, दोन्ही बघायला.

संध्याकाळी बाबांना ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसवायला मी स्वारगेटला गेले. रस्ता ओलांडायला थांबलो, तर समोरून लाल बस आली. कपाळावर ठळक अक्षरांत पाटी: मांजरी.

बाबा पाटीकडे बोट दाखवत म्हणाले, “पाय वं, तुही मांजर आली.”

आम्ही दोघं तिथेच फुटपाथवर पोट धरून हसलो. बर्फीचा रिकामा डबा हातातून पडला तरी हसत होतो.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. मी शहाणी झाले होते ना! मेनन सरांनी मोठ्या मनाने आपट्यांची दुसरी वहीही माझ्याकडेच दिली आणि आजोबांनी स्वतःहून सांगितलं, “अडलं की फोन करत जा.” या वेळी मी पुणे जिल्ह्याचा भलामोठा नकाशा आणून भिंतीवर लावला. प्रत्येक नावावर बोट ठेवून खात्री करायची, मगच टाइप करायचं. लोणी आलं, मी फसले नाही. गाव! उरुळी आली, गाव! स्नेहल म्हणाली, “तू आता अगदी पुणेकर झालीस.”

आणि एका पानावर ओळ आली: ‘घार डाव्या हाताला होती. तिच्या कडेने वर चढलो. फार उंची मिळाली.’

नकाशात घार सापडेना. हवेलीत नाही, मुळशीत नाही, पुरंदरात नाही. अख्खा रविवार गेला. स्नेहलचं म्हणणं पडलं की धरणाखाली गेलं असेल. मला ते पटलं. मी तळटीपसुद्धा लिहिली: ‘घार: खडकवासला परिसरातील बुडालेले गाव असावे.’ पण म्हटलं, आता अंदाजाने काही छापायचं नाही. खात्री करायची. रीतसर! मी मोठ्या आत्मविश्वासाने आजोबांना फोन लावला.

“आजोबा, तुमच्या वहीत घार आलीये. सगळं कळलं मला, फक्त एकच राहिलंय. तालुका कोणता?”



“प्रज्ञाबाई,” आजोबा म्हणाले, “जरा खिडकीपाशी जाता का?”

“गेले.”

“वर बघा. उडतेय का काही?”

मी वर पाहिलं. समोरच्या नारळाच्या वर एक पक्षी पंख न हलवता सावकाश गोल गोल फिरत होता.

“ती घार,” आजोबा म्हणाले. “तिला तालुका नसतो.”